अप्रकाशित खेळांचे धनी

संग्रह करणें हा मनुष्याचा फार जुना छंद आहे, आणि प्रत्येक संग्राहकाच्या मनांत दोन वासना शेजारीं शेजारीं नांदत असतात. एक अशी कीं, हातीं आलेली दुर्मिळ वस्तु चारचौघांस दाखवावी. दुसरी अशी कीं, ती चारचौघांपाशीं नसावी. बहुतेक संग्रहांत या दोन वासनांचा तंटा होत नाहीं. ज्याच्यापाशीं शिवकालीन होन आहे तो तें नाणें पाहुण्यांना खुशाल दाखवितो. पाहून गेलेल्या पाहुण्याच्या खिशांत कांहीं तें नाणें जात नाहीं. परंतु असें एक नाणें कल्पा कीं, जें एकदां नीट पाहिलें असतां पाहणाऱ्याच्या हातींहि तसेंच दुसरें नाणें येतें, आणि मूळ नाण्याच्या वजनांत मात्र गुंजभरहि घट होत नाहीं. अशा नाण्याच्या धन्यानें काय करावें? तें सर्वांपुढें ठेवावें, कीं पेटींत घालून कुलूप लावावें? आणि त्यानें कुलूप लावलेंच, तर त्याला दोष देण्याचा इतरांस अधिकार कोणता?

हा प्रश्न केवळ तर्कविनोदासाठीं रचलेला नाहीं. अमेरिका, जपान व युरोप येथील एका लहानशा मंडळीपुढें तो गेलीं पंचवीस-तीस वर्षें प्रत्यक्ष उभा आहे. टेलिव्हिजनला जोडावयाच्या जुन्या खेळयंत्रांसाठीं जे खेळ तयार झाले, परंतु विक्रीस कधींच आले नाहींत, त्यांच्या कच्च्या प्रती शोधून जमविणारी ही मंडळी होय. विषय पोरकट आहे असें कित्येक वाचकांस वाटेल. मला तसें वाटत नाहीं. कारण नीतीचे प्रश्न मोठ्या वस्तूंपेक्षां क्षुल्लक वस्तूंच्या बाबतींतच कधीं कधीं अधिक स्वच्छ दिसतात. जेथें पोटाचा, राज्याचा किंवा धर्माचा संबंध येतो तेथें इतका धुरळा उडतो कीं, मूळ प्रश्न कोणता होता याचाच विसर पडतो.

ज्यांचें बालपण १९९० नंतरच्या दशकांत गेलें त्यांना हें यंत्र समजावून सांगण्याची गरज नाहीं. टेलिव्हिजनला जोडलेली एक पेटी, तिच्या खांचेंत बसणारी प्लॅस्टिकची चपटी डबी, आणि त्या डबींत खेळ. आपल्याकडे त्या डबीला सर्रास 'कॅसेट' म्हणत, व मीहि तोच शब्द वापरणार आहें. (आपल्या बाजारांतील कांहीं कॅसेटींवर ९९९९ खेळ असल्याचें छापलेलें असे, आणि आंत तेच मोजके खेळ पुन्हां पुन्हां फिरून येत, ही आठवण पुष्कळ घरांतून अजून ताजी असेल.) अमेरिकेंत अटारी कंपनीचें असें यंत्र १९७७ सालीं निघालें, जपानच्या निंटेंडो कंपनीचें 'फॅमिकॉम' १९८३ सालीं आलें, व त्याचेंच अमेरिकन रूप १९८५ सालीं. विक्रीच्या कॅसेटींत खेळ ज्या चिपवर असतो ती कारखान्यांतच कायमची घडविलेली असते, छापील पुस्तकासारखी. परंतु छपाईपूर्वीं जसा खर्डा, तशा या खेळांच्याहि कच्च्या प्रती काढाव्या लागत: दोष तपासण्यासाठीं, व्यापारी प्रदर्शनांत मांडण्यासाठीं, मासिकांच्या परीक्षकांकडे धाडण्यासाठीं. या प्रतींत बहुधा 'ईप्रॉम' नांवाची चिप घालीत. इंटेल कंपनींतील डोव्ह फ्रोमन यांनीं ती १९७१ सालीं शोधून काढली.

या चिपची रचना थोडी समजून घेतली पाहिजे, कारण पुढील वादाचें मूळ तिच्यांतच आहे. तिच्या प्रत्येक सूक्ष्म कप्प्यांत, चहूंबाजूंनीं वीजरोधक थरानें वेढलेल्या एका बेटावर विजेचा भार कोंडून ठेवितां येतो. भार आहे कीं नाहीं एवढ्यावरून तेथें शून्य वाचावयाचें कीं एक, तें ठरतें. चिपच्या पाठीवर स्फटिकाची एक लहानशी खिडकी असते. तिच्यांतून अतिनील किरण सोडले कीं कोंडलेला भार निसटतो, पाटी कोरी होते, आणि तिच्यावर नव्यानें लिहितां येतें. ही खिडकी उघडी ठेवून चिप भर उन्हांत राहिली तर सुमारें आठवड्यांत, आणि खोलींतील नळीच्या दिव्यांखालीं सतत राहिली तर सुमारें तीन वर्षांत मजकूर पुसला जाण्याचा संभव आहे, असा इशारा इंटेलच्याच माहितीपत्रकांत दिलेला असे. म्हणून खिडकीवर एक चिकटपट्टी लावीत, व त्या पट्टीवर खेळाचें नांव आणि तारीख हातानें लिहीत. परंतु पट्टी लावली म्हणून चिप अमर होत नाहीं. कोंडलेला भार अंधारांतहि हळूहळू झिरपत असतो. मजकूर दहा-वीस वर्षें टिकावा अशा हिशेबानें या चिपा बनविलेल्या होत्या, आणि १९८३ सालच्या चिपला आतां चाळीसांहून अधिक वर्षें झालीं. भलत्या ठिकाणीं एका शून्याचा एक झाला, तर सबंध खेळ मध्येंच अडून बसतो.

खेळ तयार होऊनहि अप्रकाशित कां राहत? कारणें बहुधा हिशेबाचीं असत. १९८३ सालीं अमेरिकेंत या धंद्याचें दिवाळें वाजलें. त्या वर्षींच्या सप्टेंबरांत अटारी कंपनीनें न खपलेला माल न्यू मेक्सिकोंतील अलामोगोर्डो गांवच्या उकिरड्यांत पुरून टाकला. तो २०१४ सालीं एप्रिलांत उकरून पाहण्यांत आला. विक्रीसाठीं तयार झालेल्या मालाची जेथें ही गत, तेथें खर्ड्यांची काळजी कोण वाहणार? कंपन्या बुडाल्या, कपाटें रिकामीं झालीं, चिपा पुसून दुसऱ्या कामीं लावल्या गेल्या. जें वांचलें तें कोणा कारागिरानें घरीं नेलें म्हणून, कोणा परीक्षकानें परत केलें नाहीं म्हणून, किंवा जुन्या बाजारांतील दुकानदारास खोक्यांत काय आहे हें उमगलें नाहीं म्हणून.

संग्राहकाच्या बाजूची सर्वांत बळकट गोष्ट हीच, आणि ती आधींच कबूल केली पाहिजे. ज्या कंपनीनें खेळ केला तिनें तो टाकून दिला. ग्रंथालयांनीं त्याची दखल घेतली नाहीं. आम्हां प्राध्यापकांना तर तो नांव घेण्याजोगाहि वाटला नाहीं. अशा वेळीं एका मनुष्यानें, लोभानें म्हणा कीं प्रेमानें म्हणा, धुळींतून ती चिप उचलली, तिच्यासाठीं पदरचे पैसे मोजले, आणि ती जपली. आज 'हा सर्व मानवजातीचा ठेवा आहे' असें जे म्हणतात, त्यांतील कोणींहि त्या दिवशीं कवडी पुढें केली नव्हती. शिवाय पैसे थोडे नसतात. निंटेंडो आणि सोनी यांच्या मोडलेल्या भागीदारींतून उरलेलें एक प्राथमिक खेळयंत्र २०२० सालीं मार्चमध्यें लिलावांत ३,६०,००० डॉलरांस गेलें. खेळाची कच्ची प्रत सहसा एवढी महाग नसते. पण तिची जी कांहीं किंमत येते ती, ती एकट्यापाशीं आहे म्हणून. नक्कल जगभर पसरली कीं गिऱ्हाईक म्हणतें, "मला तो खेळ घरबसल्या खेळतां येतो, आतां तुमच्या डबीला एवढे पैसे कां मोजूं?" मग संग्राहकानें कां नुकसान सोसावें? दुसऱ्याच्या खिशांतून उदार होण्याचा उपदेश करणें सोपें असतें.

हा युक्तिवाद पोकळ नाहीं. परंतु त्यांत दोन वेगळ्या वस्तूंची सरमिसळ झालेली आहे. संग्राहकानें विकत घेतली ती एक हिरवी पट्टी, तिच्यावरील चिप, चिपवरची चिकटपट्टी, आणि त्या पट्टीवरील कोणा अज्ञात कारागिराचें हस्ताक्षर. ही वस्तु जगांत एकच आहे, आणि हजार नकला निघाल्या तरी ती एकच राहणार. तिच्यावर त्याचें स्वामित्व निर्विवाद आहे. दुसरी वस्तु म्हणजे आंतील आज्ञांची मालिका, तोच खरा खेळ. अटारीच्या जुन्या खेळाचा सगळा मजकूर पुष्कळदां ४०९६ बाइटांत मावत असे; या मासिकाच्या एका पानावरचा देवनागरी मजकूर संगणकांत सांठवावयाचा तर याहून अधिक जागा लागेल. ही मालिका संग्राहकानें विकत घेतलेली नाहीं. कायद्याप्रमाणें ती कंपनीची, किंवा ज्यानें त्या बुडालेल्या कंपनीचे हक्क घेतले असतील त्याची. अर्थात् संग्राहक जें लपवितो तें त्याचें नाहीं, आणि जे मागतात त्यांचेंहि तें नाहीं; दोघेहि तिसऱ्याच्याच अंगणांत भांडत आहेत, व तो तिसरा बहुधा घरीं नाहीं.

तो घरीं नाहीं, पण त्याचें कुलूप मात्र भक्कम आहे. नोकरांकरवीं करून घेतलेली कृति अप्रकाशित राहिली, तर तिच्यावरील हक्क अमेरिकन कायद्यानें निर्मितीपासून १२० वर्षें चालतो. १९८३ सालचा अप्रकाशित खेळ या हिशेबानें २१०३ सालाच्या अखेरीस मोकळा होईल. चिप दहा-वीस वर्षांच्या बोलीची, आणि कायदा सव्वाशें वर्षांच्या! दोघांची गांठ पडण्याचा संभव किती, तें वाचकांनींच पाहावें. कायद्याचा आदर करावा हें मला मान्य आहे. परंतु कायदा पाळला असतां ज्या वस्तूच्या रक्षणासाठीं तो केला ती वस्तुच उरत नाहीं, तेथें नुसत्या कायद्यानें नीतीचा प्रश्न मिटला असें म्हणवत नाहीं.

आतां मूळ आरोपाकडे येऊं. दुसऱ्यापाशीं नाहीं म्हणून आपल्या वस्तूचें मोल वाटणें, याला मी पाप म्हणत नाहीं. तसें म्हटलें तर निम्मा बाजार नरकांत जाईल. आपल्याकडे धनाच्या तीन गती सांगितल्या आहेत: द्यावें, भोगावें, नाहीं तर तें नष्ट होतें. सोन्याच्या बाबतींत तिसऱ्या गतीला चोर लागतो, राजा लागतो किंवा निदान उधळा पुत्र लागतो. या चिपच्या बाबतींत कोणीच लागत नाहीं. ती धन्याच्या कपाटांत, त्याच्या डोळ्यांसमोर, कांहीं न करतां नष्ट होते. शिवाय कित्येक संग्राहक तिची झीज होईल म्हणून तिला यंत्रांत घालून पाहतहि नाहींत. अलीकडे तर जुन्या कॅसेटी कठीण पारदर्शक पेटींत कायमच्या बंद करून त्यांना गुण देण्याचा एक व्यवसायच निघाला आहे. म्हणजे दानहि नाहीं आणि भोगहि नाहीं. अशा धन्यानें एके दिवशीं पेटी फोडून पाहिलें तर त्याच्या हातीं पट्टी राहील, हस्ताक्षर राहील, आणि खेळ कदाचित् नसेल. दोष लपविण्यांत नाहीं, मरूं देण्यांत आहे, असें माझें मत आहे. आणि ज्याच्याशिवाय ती वस्तु वांचलीच नसती त्याच्याच हातून ती मरावी, हें मला विशेष शोचनीय वाटतें.

येथें कोणी म्हणेल, "तो आपल्यापुरती एक नक्कल काढून ठेवील, मग तर झालें?" पुष्कळजण तसें करतात, आणि तें न करण्यापेक्षां शतपट बरें. परंतु खाजगी नकलेचा वारस कोण? घरांतील मंडळींना कपाटांतील डब्या विकतां येतात हें कळतें. संगणकांतील एका कोपऱ्यांत पडलेली, धड नांव नसलेली लहानशी फाईल काय आहे, हें त्यांना कोण सांगणार? याहून चांगला मार्ग जुन्या कागदपत्रांच्या बाबतींत केव्हांच रूढ झालेला आहे. घराण्याचे खाजगी कागद संस्थेच्या स्वाधीन करतांना 'इतकीं वर्षें हे उघडूं नयेत' अशी अट घालतां येते, व चांगल्या संस्था ती पाळतात. न्यूयॉर्क राज्यांतील रॉचेस्टर येथें खेळांचें संग्रहालय आहे. कॅलिफोर्नियांत फ्रँक सिफाल्डी यांनीं २०१७ सालीं याच कामासाठीं एक प्रतिष्ठान काढलें. अशा ठिकाणीं मोहोरबंद नक्कल ठेवण्यानें डबीची किंमत एका कवडीनेंहि उतरत नाहीं. एवढेंहि करावयास जो तयार नाहीं, त्याच्या प्रेमाबद्दल शंका घेण्यास मला संकोच वाटत नाहीं.

'सिमसिटी' या खेळाची हकीकत या बाबतींत पाहण्यासारखी आहे. शहर वसवावयाचा हा खेळ विल राइट यांनीं संगणकासाठीं १९८९ सालीं काढला. निंटेंडोनें आपल्या नव्या यंत्रासाठीं त्याचें रूपांतर १९९१ सालीं विकलें. परंतु जुन्या यंत्रासाठींहि एक रूपांतर तयार होत होतें, व तें त्याच वर्षीं जानेवारींत लास व्हेगासच्या व्यापारी प्रदर्शनांत मांडलें होतें. पुढें तें नाहींसें झालें. २०१७ सालीं त्याची कच्ची प्रत उजेडांत आली, धन्यानें ती नक्कल करण्यासाठीं सिफाल्डींच्या हातीं दिली, आणि २०१८ च्या डिसेंबरांत सविस्तर टिपणासह ती सर्वांस खुली झाली. धन्याची डबी धन्यापाशीं राहिली. एवढ्या थोड्या गोष्टीला इतकीं वर्षें कां लागावीं? जें अवघड नाहीं तें दुर्मिळ कां असावें, याचें उत्तर तंत्रशास्त्रांत सांपडत नाहीं.

लपविण्यापासून आणखीहि एक हानि होते, आणि ती ज्ञानाची. 'बायो फोर्स एप' हा पहिलवानी करणाऱ्या माकडाचा खेळ १९९० नंतर लौकरच अमेरिकेंतील मासिकांत जाहीर झाला, पण बाहेर पडला नाहीं. २००५ सालीं एका विनोदी गृहस्थानें 'माझ्यापाशीं ती कॅसेट आहे' अशी बतावणी करून बनावट चित्रें प्रसिद्ध केलीं, आणि भल्या भल्या जाणत्यांनीं तीं खरीं मानलीं. २०१० सालीं जपानांतील एका लिलावांत खरी प्रत आली तेव्हां कोठें खरें-खोटें पाहतां आलें. जेथें पुरावा एकट्याच्या कपाटांत असतो, तेथें इतिहास जाऊन दंतकथा उरते. महाराष्ट्रांतील वाचकांस हें पटवून देण्याची जरुरी नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव हिंडून जुनीं दप्तरें सोडवूं लागले तेव्हां कित्येक घरंदाज लोक रुमाल सोडावयास तयार नसत. वाळवीला मात्र कोणाचीच मनाई नव्हती. राजवाड्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला आणि पुढें ती संख्या बाविसावर गेली. जे रुमाल सुटलेच नाहींत त्यांत काय होतें, हें आतां कोणीं सांगावें? मोडी कागद आणि माकडाचा खेळ यांची योग्यता एक आहे असें मी म्हणत नाहीं. कुलपाची आणि वाळवीची योग्यता मात्र दोन्हीकडे एकच आहे.

मग धन्याकडून ती वस्तु सोडवावी कशी? येथें या मंडळींत जो एक रिवाज पडला आहे तो मला फार मनोरंजक वाटतो. ते वर्गणी काढतात. जपानांतील नामवंत लेखक शिगेसातो इतोई यांचा 'मदर' हा खेळ १९८९ सालीं निघाला. त्याचें इंग्रजी रूपांतर १९९० सालीं पुरें झालें, परंतु विक्रीस आलें नाहीं. त्याची एक कच्ची प्रत बाजारांत आल्यावर हौशी लोकांच्या एका मंडळीनें धन्यास पैसे देऊन तिच्यांतील मजकूर उतरून घेतला व १९९८ सालीं सर्वांस दिला. माकडाचा खेळहि असाच सामाईक पैशानें सुटला. कांहीं कडक नीतिमान् लोक याला वर्गणी न म्हणतां खंडणी म्हणतात: धनी ओलीस ठेवतो, जग दाम मोजतें. मला हा शब्द अन्यायाचा वाटतो. ओलीस ठेवणारा मनुष्य दुसऱ्याच्या घरांतून माणूस पळवून आणतो. येथें धन्यानें उकिरड्यावरून उचलून आणलें आहे. त्याला आपल्या श्रमाचा आणि जोखमीचा मोबदला मिळावा, आणि जगाला खेळ मिळावा, यांत कोणाचेंहि वांकडें होत नाहीं. मात्र त्या मोबदल्याला कांहीं सीमा असावी. एक वर्गणी जमली असतां दुप्पट मागणारा व चौपट होईपर्यंत वाट पाहणारा धनी चिपच्या आयुष्यावर जुगार खेळतो, आणि त्या जुगारांत त्यानें लावलेली चीज दोघांची असते.

चोरीचें समर्थन मात्र मला करवत नाहीं, जरी तिचें फळ गोड असलें तरी. घरगुती यंत्राचा नव्हे, पण अटारीचाच, नाणें टाकून खेळावयाच्या मोठ्या यंत्रावरील 'अक्का आर्ह' नांवाचा एक खेळ १९८२ सालीं तयार झाला होता. त्याचीं तीनच यंत्रें शिल्लक असल्याचें ठाऊक होतें, व तीं संग्राहकांपाशीं होतीं. २०१९ सालीं त्याचा मजकूर एकाएकीं निनांवी रीतीनें प्रकट झाला, आणि तो धन्याच्या संमतीवांचून काढून नेल्याचा आरोप झाला. आरोप खरा कीं खोटा हें ठरविण्याचें मला कारण नाहीं. परंतु तो निघाला तेव्हां कित्येकांनीं उघड टाळ्या पिटल्या, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पुढें २०२२ सालीं अटारी नांवाच्या आजच्या कंपनीनें स्वतःच तो खेळ आपल्या जुन्या खेळांच्या संचांत घालून विकला. म्हणजे शेवट चांगला झाला. तथापि अशा एका प्रकारानंतर दुसरे दहा संग्राहक दुरुस्ती करणाऱ्यालाहि घरांत घेणार नाहींत, आणि ज्या दहा चिपा विश्वासानें उघडल्या असत्या त्या अंधारांतच झिरपत राहतील. एका मोकळ्या झालेल्या खेळाच्या आनंदांत या दहांचा हिशेब कोणी करीत नाहीं, कारण त्यांचीं नांवेंच कोणास ठाऊक नसतात.

आतांपर्यंत धनी आणि रसिक यांचेंच बोललों. ज्यानें खेळ केला त्याचें काय? काफ्का १९२४ सालीं वारला तेव्हां आपलीं हस्तलिखितें जाळावीं अशी इच्छा मागें ठेवून गेला. मित्र मॅक्स ब्रॉड यानें ती मोडली, व दुसऱ्याच वर्षीं 'द ट्रायल' छापलें. ब्रॉडनें योग्य केलें कीं अयोग्य, यावर अजून वाद चालतो. परंतु आपल्या विषयांत या दाखल्याचा उपयोग वाटतो तितका नाहीं. काफ्काच्या कृतींवर मौनाचा शिक्का काफ्कानेंच मारला होता. या खेळांवर तो हिशेबनिसानें मारला. 'स्टार फॉक्स २' हा खेळ १९९५ च्या सुमारास जवळजवळ पूर्ण होऊन तयार होता. निंटेंडोचें नवें, अधिक समर्थ यंत्र लौकरच यावयाचें होतें, त्यापुढें हा फिका दिसेल म्हणून तो दाबण्यांत आला. डिलन कथबर्ट वगैरे ज्या तरुणांनीं त्यावर रात्री जागविल्या त्यांना तो लपवावासा वाटत होता असें कोठेंहि दिसत नाहीं. पुढें त्याच्या कच्च्या प्रती कंपनीच्या परवानगीवांचून फुटल्या, हौशी लोकांनीं त्या दुरुस्त केल्या, इंग्रजींत आणल्या, त्याची कीर्ति वाढविली. आणि २०१७ सालीं कंपनीनें आपल्या जुन्या यंत्राची लहान आवृत्ति काढली तेव्हां हाच खेळ तिचें मोठें आकर्षण म्हणून आंत घातला. ज्या कुतूहलाला कंपनी बावीस वर्षें बेकायदेशीर मानीत आली, त्याचेंच शेवटीं तिनें पीक कापलें! हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ यांचा 'सॅबटूर'हि असाच अटारीच्या पडझडींत राहून गेला व २००४ सालीं त्याच नांवाच्या कंपनीच्या एका यंत्रांतून लोकांपुढें आला. याच वॉरशॉंचा पांच आठवड्यांत घाईनें उरकलेला 'ई. टी.' अलामोगोर्डोच्या उकिरड्यांत पुरला गेला होता. जो खेळ छापूं नये तो छापला आणि जो छापावा तो दाबला, असा हा कंपनीचा विवेक.

तरीहि कर्त्याच्या लज्जेला कांहीं मान दिलाच पाहिजे. खर्ड्यांत खोडाखोड असते, चुका असतात, कधीं सहकाऱ्यांची थट्टाहि असते. म्हणून प्रकट करणाऱ्यानें खर्डा हा खर्डा म्हणूनच पुढें ठेवावा. हौशी लोक अपुरा खेळ आपल्या कल्पनेनें शिवून पुरा करतात, तें कौतुकास्पद खरें. पण मूळ फाटकें वस्त्रहि जसेंच्या तसें शेजारीं टांगलेलें असावें. कोणता टांका कोणाचा हें पाहणाऱ्यास कळलें म्हणजे झालें.

राहतां राहिला प्रश्न, ही सारी धडपड कशासाठीं? हे खेळ कांहीं मोठी कला नव्हेत, असें म्हणणाऱ्यांशीं मी फार भांडणार नाहीं. मीं स्वतः यांपैकीं खेळून पाहिले ते थोडेच; डोळा व बोट यांचा जो मेळ त्यांना लागतो तो पन्नाशीनंतर सहज बसत नाहीं. यांतील बहुतेक खेळ मध्यम प्रतीचे आणि कित्येक निखालस वाईट असावेत, याविषयींहि मला शंका नाहीं. परंतु कोणती वस्तु कशाच्या उपयोगी पडेल हें आगाऊ ठरविणाऱ्यांनीं पेन आणि टेलर यांच्या खेळाची गोष्ट ऐकावी. हे दोघे अमेरिकेंतील नामांकित जादूगार. त्यांचा 'स्मोक अँड मिरर्स' नांवाचा खेळांचा संच सेगा कंपनीच्या यंत्रासाठीं १९९५ च्या सुमारास तयार झाला. प्रती परीक्षकांकडे गेल्याहि. आणि तेवढ्यांत प्रकाशक कंपनी बुडाली. त्या संचांत 'डेझर्ट बस' नांवाचा एक खेळ होता. व्हिडिओ खेळांतील हिंसेविरुद्ध त्या वेळीं अमेरिकेंत जें काहूर उठलें होतें त्याची ही थट्टा. ॲरिझोनांतील टूसॉनपासून लास व्हेगासपर्यंत ताशीं ४५ मैलांच्या वेगानें एक बस हांकावयाची. रस्ता सरळ, वाळवंट सपाट, वाटेंत कांहीं म्हणजे कांहींच घडत नाहीं, आणि खेळ मध्यें थांबवितां येत नाहीं. प्रवास खरोखरीच आठ तासांचा. बस किंचित् उजवीकडे ओढ घेते, त्यामुळें कळ दाबून ठेवून झोंपीं जाण्याचीहि सोय नाहीं. रस्ता सोडला तर बस ओढून टूसॉनला परत आणतात, तीहि तितकाच वेळ घेऊन.

परीक्षकासाठीं पाठविलेली एक प्रत राहून गेली होती. दहा वर्षांनीं ती सिफाल्डी यांच्या हातीं आली व त्यांनीं ती लोकांपुढें ठेवली. २००७ सालीं कॅनडांतील कांहीं विनोदी नटमंडळीनें ठरविलें कीं, रुग्णालयांतील मुलांना खेळणीं पुरविणाऱ्या एका संस्थेसाठीं आपण ही बस सतत हांकावी आणि लोकांनीं देणग्या द्याव्या. देणग्या येतील तोंवर बस चालेल. तेव्हांपासून हा उपक्रम दरवर्षीं होत आला आहे, आणि त्यांतून लाखों डॉलर उभे राहिले आहेत. माणसें पाळीपाळीनें दिवसरात्र त्या पडद्यासमोर बसतात, गातात, गप्पा मारतात, डुलक्या आवरतात. बसमध्यें उतारू एकहि नसतो. लास व्हेगासला पोंचल्यावर खेळणाऱ्यास मिळतो तो एक गुण. आणि आणखी एक हवा असेल तर बस वळवून पुन्हां टूसॉनकडे निघावयाचें.